विचारवंतांचा प्रभाव कसा मोजावा: एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राचा दाखला

इतिहासाच्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न असा आहे: विचारवंतांनी समाज घडवला असे पाठ्यपुस्तकांत सांगितले जाते, दुसरीकडे, समाज कायद्यांनी आणि आर्थिक गरजांनी बदलतो, विचारवंत त्यावर मागाहून भाष्य करतात, असेही ऐकू येते. यांतले खरे काय मानायचे, प्रभाव मोजायचा कसा, आणि आज तसे विचारवंत का दिसत नाहीत? हा प्रश्न सर्व काळांना लागू होणारा असला तरी त्याचे उत्तर सर्व काळांसाठी एकदम देता येत नाही. माझे बहुतेक काम एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिके आणि संस्थांचे कागद यांवर झालेले असल्यामुळे मी उत्तर त्याच आधारे देतो. माझे मत थोडक्यात असे की विचारवंताचा प्रभाव त्याच्या विचाराच्या खोलीपेक्षा दोन व्यावहारिक गोष्टींवर अधिक ठरतो: त्याची उपजीविका कोणाच्या हाती आहे, आणि त्याचा शब्द उचलून स्वतःचा करणारा संघटित समूह त्याला मिळतो की नाही.

आधी वाचकांचा विचार करू. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघत असे. ते 1840 मध्ये बंद पडले. पुढे 1841 मध्ये भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ आले आणि त्यात 1848 पासून गोपाळ हरी देशमुखांची शतपत्रे प्रसिद्ध झाली. आज ही पत्रे वाचताना त्यांतील धारेमुळे आपल्याला वाटते की सारा महाराष्ट्र ती वाचून हादरला असेल. परंतु 1901 च्या जनगणनेतही साऱ्या हिंदुस्थानात साक्षरतेचे प्रमाण शंभरात साडेपाचाच्या आत होते आणि स्त्रियांमध्ये ते एक टक्काही नव्हते. 1848 मध्ये परिस्थिती काय असेल याचा अंदाज त्यावरून करावा. म्हणजे हा वाद शिकलेल्या, बहुतांशी उच्चवर्णीय, शहरी पुरुषांच्या आपसांतील होता. त्यामुळे तो निरर्थक ठरत नाही, कारण कचेऱ्या, शाळा आणि न्यायालये हीच मंडळी चालवीत होती. मात्र ‘समाज जागा झाला’ असे जेव्हा लिहिले जाते तेव्हा कोणता समाज, हे विचारले पाहिजे.

उपजीविकेचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे आणि आपल्याकडे त्याकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही. जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये अध्यापक होते. गोपाळ हरी सरकारी न्यायखात्यात चढत गेले आणि शतपत्रे त्यांनी ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने लिहिली. दादोबा पांडुरंगांच्या पुढाकाराने 1849 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत जातिभेद मोडण्याची शपथ घेतली जाई आणि परधर्मीयाच्या हातचा पाव खाऊन ती पाळून दाखवावी लागे. पण सभेचे सारे कामकाज गुप्त असे. सभासदांची यादी 1860 च्या सुमारास बाहेर फुटली आणि सभा विरून गेली. या मंडळींना भित्री म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्यांना सरकारी नोकरीवर पाणी सोडावे लागण्याचे भय फारसे नव्हते. भय होते ते जातीच्या बहिष्काराचे. बहिष्कार म्हणजे मुलामुलींची लग्ने अडणे, घरच्या श्राद्धाला ब्राह्मण न मिळणे आणि कित्येकदा सख्ख्या आईने घर सोडून जाणे. पगार सरकार देत होते, पण जगणे जातीच्या हाती होते.

महादेव गोविंद रानडे यांच्याबाबतीत दोन्ही दडपणे एकाच वेळी दिसतात. ते 1871 मध्ये न्यायाधीश म्हणून पुण्यास आले आणि गणेश वासुदेव जोशींनी आदल्या वर्षी स्थापन केलेल्या सार्वजनिक सभेचे खरे मार्गदर्शक बनले. 1876-77 च्या दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत माणसे पाठवून पिकांची, पाण्याची आणि मजुरीची माहिती गोळा केली व ती पत्रांच्या रूपाने सरकारपुढे ठेवली. माझ्या मते विचारवंतांनी या काळात केलेल्या सर्वांत भरीव कामांपैकी हे एक आहे, आणि पुतळ्यांच्या इतिहासात त्याला जवळजवळ जागा नाही. सरकारी न्यायाधीशाने सरकारच्याच दुष्काळ धोरणाविरुद्ध आकडेवारी उभी करावी, हे सरकारला रुचणे शक्य नव्हते. रानड्यांची पुण्याहून बदली झाली, आणि 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या वेळी संशयामुळे त्यांना धुळ्याला धाडण्यात आले. हे सरकारच्या बाजूचे दडपण. जातीच्या बाजूचे दडपण त्यांना अधिक जड गेले. पहिली पत्नी 1873 मध्ये निवर्तल्यावर विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्याने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये ऑक्टोबर 1890 मध्ये झालेल्या सभेत चहा घेतला म्हणून, किंवा केवळ तो समोर आला म्हणून, शहरातील प्रतिष्ठितांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा दावा, उभे राहिले आणि रानड्यांनी अखेरीस प्रायश्चित्त घेतले. टिळकही त्या सभेला होते आणि तेही या प्रकरणातून सुटले नाहीत, हे सहसा विसरले जाते. इथे रानड्यांवर निकाल देण्याचा माझा हेतू नाही. त्या अकरा वर्षांच्या वधू, रमाबाई रानडे, पुढे स्त्रियांसाठी काम करणाऱ्या सेवासदनाच्या आधारस्तंभ झाल्या, ते शिक्षण त्यांना याच घरात मिळाले. पण सुधारणेचा पुरस्कर्ता प्रायश्चित्त घेतो हे पाहणाऱ्या तरुणांवर काय परिणाम झाला असेल, हाही प्रभावाचाच भाग आहे.

या पार्श्वभूमीवर गोपाळ गणेश आगरकर वेगळे उठून दिसतात. 1881 ते 1887 ते ‘केसरी’चे संपादक होते; सामाजिक प्रश्नांवर सहकाऱ्यांशी पटेनासे झाल्यावर त्यांनी 15 ऑक्टोबर 1888 रोजी ‘सुधारक’ काढला. जिवंतपणी आपली प्रेतयात्रा निघालेली त्यांना पाहावी लागली. ते बेताच्या वेतनावर काम करणाऱ्या शिक्षणसंस्थेत होते, दम्याने पोखरलेले होते, आणि 17 जून 1895 रोजी चाळिशीही न गाठता गेले. त्यांच्या हयातीत ‘सुधारक’चा खप ‘केसरी’च्या जवळपासही पोहोचला नाही.

आता प्रभाव मोजण्याचा एक धडधडीत प्रसंग घेऊ, संमतिवयाच्या कायद्याचा. 1860 च्या दंडसंहितेने शरीरसंबंधाला मुलीच्या संमतीचे वय, विवाहितेसाठीही, दहा ठरवले होते. बेहरामजी मलबारींनी 1884 मध्ये बालविवाहाविरुद्ध आपली टिपणे प्रसिद्ध केली, त्याच वर्षी मुंबईत, बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला यावे म्हणून त्यांच्या पतीने दावा लावला आणि पुढची चार वर्षे तो गाजत राहिला. नंतर कलकत्त्यात फुलमणी या सुमारे अकरा वर्षांच्या मुलीचा पतीच्या बळजबरीने मृत्यू झाला. तिने दहा वर्षे ओलांडलेली असल्यामुळे पतीवर बलात्काराचा गुन्हा लागू शकला नाही आणि त्याला एक वर्षाची सक्तमजुरी एवढीच शिक्षा झाली. त्यानंतर हे वय बारापर्यंत नेण्याचे विधेयक आले. पुण्यात जो वाद पेटला तो आजही वाचण्यासारखा आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मग्रंथांचे दाखले देऊन दाखवले की कायद्याने धर्म बुडत नाही; टिळकांनी त्याच ग्रंथांतून उलट दाखले काढले आणि त्याखेरीज परक्या सरकारला आमच्या घरात हात घालण्याचा अधिकार काय, हा प्रश्न विचारला. आगरकरांनी मात्र शास्त्रार्थात शिरण्याचेच नाकारले: लहान मुलीच्या शरीराला होणारी इजा ही ग्रंथांनी ठरवायची बाब नाही, ही त्यांची भूमिका होती.

19 मार्च 1891 रोजी कायदा झाला. तेव्हा विचारवंत जिंकले, असे म्हणता येईल का? कायदा झाला याचे एक मोठे कारण सरकारची इच्छा हे होते, आणि ती इच्छा मलबारींनी इंग्लंडमध्ये तयार केलेल्या लोकमतावर बरीचशी उभी होती. त्या कायद्याखाली खटले फारच थोडे उभे राहिले आणि प्रथा जवळजवळ तशीच चालत राहिली. मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरवणारा सारडा कायदा 1929 मध्ये यावा लागला. उलट, सामाजिक सुधारणेला विरोध हा राष्ट्रीय बाण्याचा भाग आहे, ही समजूत या वादातून घट्ट झाली. 1895 च्या डिसेंबरात पुण्यात काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा काँग्रेसबरोबर भरणारी, समाजसुधारणेसाठीची सामाजिक परिषद तिच्या मंडपात घेऊ देणार नाही, असा धाक घालण्यात आला आणि रानड्यांना ती अन्यत्र न्यावी लागली. वादात युक्तिवाद कोणाचा सरस होता हे विचाराल तर मी निःसंशय आगरकरांचा सांगेन. पण त्या दहा वर्षांत लोकांचे मन कोणी घडवले, असे विचाराल तर उत्तर वेगळे द्यावे लागेल.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. विचारवंत म्हणजे सुधारक, असे आपण नकळत धरून चालतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, 1879 मध्ये सरकारी नोकरीचा राजीनामा दिला आणि दुसऱ्या वर्षी टिळकांसह न्यू इंग्लिश स्कूल काढले. ते 1882 मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारले. एवढ्या अल्प काळात मराठी गद्याला त्यांनी जी ऐट दिली तिचा प्रभाव कोणाही सुधारकापेक्षा कमी नव्हता, आणि तो बहुतांशी सुधारणेच्या विरोधात पडला. जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांतील भाषेची आणि व्याकरणाची त्यांनी जी टवाळी केली, तिच्यामुळे शिकलेल्या वर्गाला फुल्यांचे म्हणणे न ऐकण्याची सबब पुढची अनेक दशके मिळाली. प्रभाव ही शक्ती आहे, ती कोणत्या दिशेला लागली हे स्वतंत्रपणे पाहावे लागते.

फुल्यांकडे आता सविस्तर वळतो, कारण माझ्या मांडणीचा मुख्य आधार तेच आहेत. त्यांनी 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी 24 सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापला, 1882 मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणासाठी निवेदन दिले, 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. हे सर्वांना ठाऊक असते. कमी लक्षात घेतले जाते ते हे की ते बांधकामाचे कंत्राटदार होते आणि स्वतःची शेती-बागायत व व्यापार सांभाळून होते. कंत्राटे सरकारी कामांची असल्यामुळे त्यांनाही सरकारशी संबंध ठेवावा लागे. पण त्या कामांवरील लाचखाऊपणावर त्यांनी उघड लिहिले. महिन्याच्या पगारावर किंवा दक्षिणेवर जगणाऱ्याला जी वाक्ये लिहिताना हात आखडावा लागला असता, ती त्यांनी सहज लिहिली. मराठी ग्रंथकारांच्या सभेचे रानड्यांकडून आलेले निमंत्रण त्यांनी 1885 मध्ये नाकारले, ते त्या सभेत शूद्रातिशूद्रांचे हित होण्यासारखे काही नाही, एवढ्या स्पष्ट कारणाने.

यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे त्यांच्या विचाराला माणसांचा वापर मिळाला. भटजीशिवाय लग्न लावणे, ही कृती निरक्षर कुटुंबालाही करता येत होती. जुन्नर तालुक्यातील ओतूरला असे लग्न लागल्यावर गावच्या जोशांनी, म्हणजे वतनदार भटजींनी, आपल्या दक्षिणेच्या हक्कासाठी न्यायालय गाठले. एखाद्या निबंधाने कोणाचे उत्पन्न बुडत नाही, या विधीने ते बुडत होते. कृष्णराव भालेकरांनी 1877 मध्ये काढलेला ‘दीनबंधु’ पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत चालवला, 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि कामगारांना रविवारची सुटी मिळवून देण्याचे श्रेय त्यांच्याकडेच जाते. 1890 मध्ये मुंबईतील न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करणार नाही, असे ठरवले. केशवपनावर आगरकरांनी लिहिलेले लेख मला मराठीतील उत्तम तर्कशुद्ध गद्य वाटतात. तरी वस्तरा ज्याच्या हातात होता त्याने तो खाली ठेवला, ही घटना निराळ्या जातीची आहे. पुढे सत्यशोधक जलशांनी तमाशाचा बाज घेऊन हाच विचार गावोगाव नेला. छापील शब्द जिथे पोहोचत नव्हता तिथे ढोलकी पोहोचली.

असा समूह न मिळाल्यास काय होते, याचे उदाहरण ताराबाई शिंदे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील खटल्यानंतर स्त्रीजातीवर जी चिखलफेक झाली तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या या बाईंनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ प्रसिद्ध केली. फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’ या पत्रात तिची बाजू घेतली, एवढाच काय तो आधार. पुस्तकावर टीका झाली, बाईंनी पुन्हा काही प्रसिद्ध केले नाही, आणि स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये पुस्तक पुन्हा छापेपर्यंत ते जवळपास विस्मृतीत होते. विचाराची धार कोणत्याही समकालीनापेक्षा कमी नव्हती. नियतकालिक नव्हते, संस्था नव्हती, शिष्य नव्हते.

फ्रान्समध्ये ड्रायफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झाली, त्या प्रकरणाचा दाखला अशा चर्चेत नेहमी येतो, म्हणून त्याबद्दल थोडेसे. कादंबरीकार एमिल झोला यांचे त्याच्या बाजूने राष्ट्राध्यक्षांना उद्देशून लिहिलेले पत्र 13 जानेवारी 1898 रोजी ‘लोरोर’ या दैनिकात छापले गेले आणि त्या अंकाच्या सुमारे तीन लाख प्रती निघाल्या. साक्षर जनता, दैनिकांची सवय आणि संसद यांमुळे एका लेखाने देश ढवळून निघू शकला. तरीही ड्रायफस पूर्णपणे निर्दोष ठरायला 1906 उजाडले. पुण्यामुंबईच्या विचारवंतांकडे यांतले काहीच नव्हते, त्यामुळे झोलाच्या मापाने त्यांना मोजणे अन्यायाचे होईल.

विचार, कायदा आणि समूह यांचा परस्परसंबंध सर्वांत स्वच्छ दिसतो तो महाडला. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला: सार्वजनिक पैशाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर सारे झाले होते आणि तळ्यावर कोणी गेले नव्हते. मग रामचंद्र बाबाजी मोरे आदी स्थानिक कार्यकर्त्यांनी परिषद घडवून आणली, कुलाबा जिल्ह्यातून व बाहेरून माणसे आली, आणि 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर त्यांना घेऊन तळ्यावर गेले. त्याच दिवशी मारहाण झाली, नंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, नगरपालिकेने ऑगस्टमध्ये ठराव मागे घेतला, आणि तळ्यावरील हक्काचा निकाल उच्च न्यायालयाने दिला तो मार्च 1937 मध्ये. म्हणजे कौन्सिलच्या ठरावापासून जवळजवळ चौदा वर्षांनी. या काळात आंबेडकर विद्वान होते, संपादक होते, वकील होते आणि नेते होते. ‘मूकनायक’ शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने 1920 मध्ये सुरू झाला होता. विचारवंत आणि त्याचा समूह यांच्यात इथे अंतरच उरले नव्हते, आणि उपजीविकेसाठी त्यांनी सरकारी नोकरीऐवजी वकिली निवडली होती, ती का, हे आता वेगळे सांगण्याची गरज नाही.

विचारवंतांविषयीची सर्वांत कठोर समीक्षाही त्यांचीच आहे. लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि 1936 मध्ये, भाषण रद्द झाल्यावर, पुस्तकरूपाने छापलेल्या निबंधात ते म्हणतात त्याचा आशय असा: देशाचे भवितव्य त्याच्या बुद्धिजीवी वर्गावर अवलंबून असते, पण बुद्धी हा स्वतः गुण नाही, ते साधन आहे, आणि भारतात हा वर्ग एकाच जातीचा असल्यामुळे तो त्या जातीचे हित धोक्यात आणणारी क्रांती करील अशी अपेक्षा व्यर्थ आहे. मी वर जी उदाहरणे दिली ती पाहता पूर्ण सामान्यीकरण म्हणून हे कडक वाटेल. आगरकर याला अपवाद आहेत. महाडच्याच मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हेही आहेत. तरीही वर्ग म्हणून पाहिले तर पंचहौद प्रकरण आणि 1891 चा वाद आंबेडकरांच्याच बाजूने साक्ष देतात.

प्रश्नाचा शेवटचा भाग आजचा आहे. आजचे विचारवंत गप्प आहेत, ही तक्रार प्रत्येक पिढीने केलेली आहे आणि मला ती अपुरी वाटते. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी संततिनियमनाचा प्रचार सुरू केला तेव्हा त्यांना महाविद्यालयातील प्राध्यापकी सोडावी लागली. ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत खटले आणि तोटा सोसून चालवले, आणि ज्याला त्या काळी अश्लील म्हटले गेले ते काम पुढे सरकारी आरोग्य खाते करू लागले. 1960 नंतर महाराष्ट्रात साहित्य, विश्वकोश, पुरस्कार, अनुदान यांची सरकारी यंत्रणा उभी राहिली. तिने मोलाची कामे केली हे मी नाकारत नाही, परंतु लेखकाचे पोट आणि मान या दोन्ही गोष्टी तिने पुन्हा एका दारी नेऊन ठेवल्या. म्हणून 1975 च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात, यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना, अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी आणीबाणीविरुद्ध घेतलेली भूमिका इतकी ठळक दिसते. त्यांना पुढे अटक झाली. जादूटोणाविरोधी कायद्याचा मसुदा वर्षानुवर्षे पडून होता, आणि 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाल्यावर काही दिवसांतच तो अध्यादेश म्हणून आणि डिसेंबरात कायदा म्हणून आला. त्या कायद्यामागे एका माणसाचे लेखन होते तसे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या गावोगावच्या शाखांत काम करणारे कार्यकर्तेही होते.

विद्यार्थिनीला अभ्यासाच्या दृष्टीने एक सुचवतो. एखाद्या विचारवंताचा प्रभाव शोधताना त्याच्या गौरवग्रंथांपासून सुरुवात करू नये. त्याच्या पत्राच्या अंकांतील थकलेल्या वर्गणीच्या सूचना, विरोधकांनी केलेली चेष्टा, बहिष्काराच्या सभांचे वृत्तांत, नगरपालिकांचे ठराव आणि ते मागे घेणारे ठराव, दिवाणी दाव्यांचे निकाल हे आधी वाचावे. पुण्यामुंबईच्या जुन्या ग्रंथालयांत यांतले पुष्कळसे अजून आहे, आणि त्यातला बराच भाग वाचायला कोणी येत नाही.